उंदीर शांत असतो म्हणे!

इंग्रजी कवितेनं माझं काही घोडं मारलेलं नाही. उलट मीच तिची बरीच घोडी मारली आहेत. १९७६ ते २००७ अशी एकतीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. वर्षाला आठ कविता धरल्या तरी बळींची संख्या किती होते, हे मी अजून मोजलेलं नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसानं जुने हिशेब उकरू नयेत, असं माझं मत आहे. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत नातीनं ते उकरले.

नात नववीत आहे, पुण्याला असते. येताना फराळाच्या ओढीबरोबर सुट्टीचा अभ्यासही घेऊन आली होती. चकल्या पाडण्याच्या ऐन घाईत तिनं विचारलं, "आजोबा, सिनेक्डकी म्हणजे काय?"

मी घसा खाकरून मास्तर व्हायच्या आतच सोऱ्यामागून हिचं उत्तर आलं, "सिनेमाला जायला पैसे नसले की येते ती!"

व्याख्या म्हणून ही मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरी वाटली. निदान लक्षात तरी राहते.

मी नातीची वही हातात घेतली. आत एक तक्ता होता. अलंकाराचं नाव, व्याख्या आणि 'ओळखण्याची खूण' असे तीन रकाने. सिमिलीपुढं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. माझ्या बशीतला चहा हिंदकळला. अहो, ही खूण माझी! म्हणजे माझ्याआधीही ती कुणाची तरी असेलच, पण एकतीस वर्षं मी ती फळ्यावर चौकट आखून लिहून दिली होती. १९८० साली जगातून देवीचा रोग हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. 'लाइक-ॲज'ची लस अजून निघायची आहे.

या खुणेनं काय काय केलं ते मला विचारा. एकदा चाचणीत 'सिमिलीचं उदाहरण द्या' म्हटल्यावर एका पोरानं लिहिलं, 'आय लाइक मँगोज.' मी भोपळा दिला. आज वाटतं, पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. नियम त्यानं तंतोतंत पाळला होता, आणि नियम माझा होता. दुसऱ्यानं लिहिलं, 'ही वर्क्स ॲज अ क्लार्क.' तेही मी खोडलं. वास्तविक आमच्या शाळेचा कारकून ज्या पद्धतीनं काम करी ते पाहता ती उपमाच होती, सत्यकथन नव्हतं. अपॉस्ट्रॉफीची गंमत तर और होती. कवितेतलं अपॉस्ट्रॉफी म्हणजे समोर नसलेल्या माणसाला किंवा एखाद्या निर्जीव वस्तूला उद्देशून बोलणं. पण पोरांनी अपॉस्ट्रॉफी म्हणून आधी पाहिलेला असायचा तो शब्दाच्या डोक्यावरचा स्वल्पविराम. ती बिचारी कवितेत तोच हुडकत बसत. एकाला तो सापडेना, तेव्हा त्यानं पेनानं स्वतः टाकला आणि मग ओळखला.

तर वाचकहो, माझं भांडण आहे ते या 'ओळखा'शी. अलंकार शिकवू नका असं मी म्हणत नाही. पोलिसांनी ओळखपरेडीत चोर ओळखायला लावावा तसा तो ओळखायला लावणं बंद करा, एवढंच म्हणतो. ओळखपरेडीत निदान चोर तरी हजर असतो. आमच्या परेडीत कविता कुठं असते?

नातीला म्हटलं, "कवितेचं रसग्रहण कसं करता, दाखव बघू." तिनं पेन्सिल घेतली. दहावीच्या पेपराला विचारतात म्हणून आतापासून सराव चाललेला. आधी शीर्षक, मग कवीचं नाव. मग ओळींचे शेवटचे शब्द पाहून समासात ए-ए-बी-बी. मग लाइक, ॲज यांना गोल. लागोपाठच्या शब्दांची सुरुवातीची अक्षरं सारखी दिसली की खाली रेघ, अलिटरेशन. एकच शब्द दोनदा आला की रिपीटिशन. मध्यवर्ती कल्पना गाइडमधून. साडेतीन मिनिटांत रस ग्रहण होऊन भांडं घासायला टाकलेलं.

"आणि कविता कशाबद्दल आहे?"

"ते बाई सुट्टीनंतर सांगणार आहेत," ती म्हणाली.

मुलगी हुशार आहे. तिचा काही दोष नाही. कविता न वाचता रसग्रहण करता येतं हा शोध तिनं लावलेला नाही, आम्ही तिला तो तयार दिला. आपण मराठीत त्याला अलंकार म्हणतो तिथंच सगळा घोळ झाला असावा. अलंकार म्हटलं की सराफ आला, तराजू आला. मुलगी बघायला आलेली मंडळी जशी मुलीकडं न बघता पाटल्या किती तोळ्यांच्या याचा अंदाज घेतात, तसे आम्ही कवितेपुढं बसतो. उपमा दोन, चेतनगुणोक्ती एक, अनुप्रास किरकोळ. चला, ठरलं!

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ही जुन्या अकरावीला इंग्रजीत नापास झाली. त्या खात्यावर तिनं पुन्हा कधी पैसे भरले नाहीत. पण सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत ती जेवढे फिगर्स ऑफ स्पीच वापरते, तेवढे माझ्या तक्त्यात कधीच नव्हते. नळ 'रुसतो'. दूध 'डोळा लागला की पळतं'. तिनं मला 'हजारदा' सांगितलेलं असतं, ही हायपरबोली. मी बाजारातून साडेबाराला उगवलो की "या, आज लवकर आलात!" ही आयरनी, आणि तीही उकडत्या तेलातून काढलेली. हिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या आई, घरातल्या ओढगस्तीबद्दल म्हणायच्या, "खाणारी तोंडं नऊ आणि कमावणारे हात दोन." हीच ती सिनेक्डकी! अंश सांगायचा आणि आख्खा माणूस समजायचा. नात ज्या शब्दावर अडली होती तो अलंकार तिच्या पणजीनं भाकऱ्या थापता थापता वापरून ठेवला होता.

युफेमिझम तर मराठी बाईनं जगाला शिकवावा. आपल्याकडं बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. घरातले तांदूळ संपत नाहीत, तेही 'वाढतात'. दिवा विझवायचा नसतो, 'शांत करायचा' असतो. निघताना 'जातो' म्हटलं तर बोलणी खावी लागतात, 'येतो' म्हणायचं. आणि ट्रान्सफर्ड एपिथेट? विशेषण असतं एकाचं आणि ते चिकटवायचं दुसऱ्याला. याची व्याख्या सांगताना मी वर्षानुवर्षं घाम पुसला. इंग्रजीतली रात्र 'स्लीपलेस' असते, पण झोप रात्रीची नसून माणसाची उडालेली असते वगैरे. पोरं बघत बसत. त्याच पोरांना मधल्या सुट्टीत मैदानावर आंधळी कोशिंबीर खेळताना मी रोज पाहत होतो. अहो, आंधळा असतो तो डोळे बांधलेला भिडू. कोशिंबिरीला कधी डोळे होते? आख्खा अलंकार पोरं पायांनी खेळत होती आणि मी खिडकीतून "दंगा बंद करा, ट्रान्सफर्ड एपिथेट पाठ करा" म्हणून ओरडत होतो.

ओनोमॅटोपियाबद्दल न बोललेलंच बरं. शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून मी अर्धा मार्क कापत असे. ज्या पोरांना पावसाची रिपरिप निराळी, टपटप निराळी, धो धो निराळा हे आईच्या कुशीत कळलं होतं, त्यांना मी मधमाशी 'बझ्' करते आणि साप 'हिस्' करतो हे नवीन ज्ञान म्हणून सांगितलं. बरं, मराठी नुसत्या आवाजावर थांबत नाही. दिवा मिणमिण करतो, चांदणी लुकलुक करते. यात आवाज कुठं आहे? न येणाऱ्या आवाजाचाही शब्द करणारी ही भाषा, आणि आम्ही तिच्या लेकरांना कोंबडा 'कॉक-अ-डूडल-डू' ओरडतो हे घोकायला लावलं. आमच्या गावचे कोंबडे अखेरपर्यंत 'कुकूच कू'च म्हणत राहिले. ते बोर्डाला बसत नव्हते.

हे बायकांच्या बोलण्याचं मी कौतुक करतो आहे ते काही घरी चहा वेळेवर मिळावा म्हणून नव्हे. वर्ड्स्वर्थची डॅफोडिल फुलांची कविता आपल्याकडच्या कैक पिढ्यांनी पाठ केली. तो आणि त्याची बहीण डॉरथी १५ एप्रिल १८०२ रोजी तळ्याकाठी हिंडत असताना ती फुलं दिसली. डॉरथीनं रोजनिशीत टिपून ठेवलं, की काही फुलांनी दमून, उशीवर ठेवावं तसं, दगडांवर डोकं टेकलं होतं. एका वाक्यात चेतनगुणोक्ती आणि उपमा दोन्ही, आणि कुणी पाच मार्कांना विचारलं नसताना! भावानं दोनेक वर्षांनी कविता लिहिली, ती १८०७ साली छापून आली आणि नाव झालं त्याचं. त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी आपल्या बायकोच्या आहेत, हे त्यानं स्वतःच कबूल केलेलं आहे. निदान कबूल तरी केलं!

दुसरी एक गोष्ट मला आता रात्री झोपू देत नाही. (ही अतिशयोक्ती. दुपारी झोपू देत नाही.) आमच्या शाळेत मराठीच्या बाई आणि मी स्टाफरूममध्ये एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा प्यायलो. त्यांचा तास सुटला की त्याच वर्गावर माझा तास. त्या उपमा शिकवून बाहेर पडत आणि मी सिमिली शिकवायला आत शिरत असे. दारात आम्ही एकमेकांना नमस्कार करत असू. पण 'बाई, आपण दोघंही तेच शिकवतोय' असं वीस वर्षांत दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. पोरांना वाटायचं, उपमा हा एक रोग आणि सिमिली हा दुसरा. खरं तर बाईंचा माल माझ्यापेक्षा सरस होता. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातलीसुद्धा पहिली उपमा. आणि आपल्या जुन्या मंडळींनी तिचे चार अवयव पाडून ठेवलेले. कशाला उपमा दिली, कशाची दिली, दोघांत सारखं काय, आणि ते जोडणारा शब्द कोणता. मी माझ्या पोरांना फक्त चौथा अवयव शिकवला. लाइक आणि ॲज! 'दोघांत सारखं काय?' हा प्रश्न म्हणजे उपमेचा जीव, आणि तो मी एकदाही विचारला नाही.

एकदा तरी विचारायला हवा होता. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

१९८२ चा जून. पाचवीला एबीसीडी आणि आठवीला सिमिली असा तेव्हाचा क्रम. १८ जानेवारीपासून मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या भागातली निम्मी घरं गिरणगावाच्या मनीऑर्डरीवर चालत. माणसं बिऱ्हाडं उचलून गावाकडं परतू लागली होती. आमच्या आठवीत तेव्हा एक नवा पोरगा आला. लालबागेतल्या चाळीतून आलेला, त्यामुळं गावातली पोरं त्याला 'शेठ' म्हणत. मागच्या बाकावर बसे, बोलत नसे.

मी गाळलेल्या जागा दिल्या होत्या. त्या सिमिली तुम्हीही भरल्या असतील. ब्रेव्ह ॲज अ लायन, बिझी ॲज अ बी. कूल ॲज अ ककंबर म्हणजे शांत डोक्याचा माणूस काकडीसारखा असतो म्हणे. व्हाइट ॲज स्नो, आणि आमच्याकडं पांढरं म्हणून जास्तीत जास्त माहीत तो चुना. त्यात एक होतं, 'ॲज क्वाएट ॲज अ' आणि पुढं मोकळी जागा. उत्तर 'माऊस'. उंदीर शांत असतो, असं इंग्रजांचं म्हणणं. आमच्या माळ्यावरचे उंदीर रात्रभर लेझीम खेळत, तरीही मी हे उत्तर वर्षानुवर्षं बरोबर धरत आलो होतो.

त्या पोरानं लिहिलं होतं, 'मिल'. ॲज क्वाएट ॲज अ मिल.

मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. हशा पिकवण्याची मला हौस होतीच. वर्ग हसला. मी म्हणालो, "अरे, गिरणी कधी गप्प असते का?"

तो उभा राहिला. म्हणाला, "आता असती, सर."

वर्ग पुन्हा हसला. मी लाल शाईनं 'मिल' खोडलं, वर 'माऊस' लिहिलं आणि दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं. दहाही वेळा स्पेलिंग बरोबर होतं.

पुढं दिवाळीनंतर त्याचे वडील शाळेचा दाखला न्यायला आले. कारकून जागेवर नव्हता (वर सांगितलंच आहे), म्हणून ते माझ्यासमोर अर्धा तास बाकावर बसून होते. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "किती वर्षं होता मिलमध्ये?" "एकोणीस," म्हणाले. मग काही बोललेच नाहीत. मीही बोललो नाही. दाखला घेऊन ते गेले, त्यांच्यामागून पोरगाही गेला. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, नुसताच विरला. मी पुढं पंचवीस वर्षं शिकवलं, पण 'ॲज क्वाएट ॲज अ मिल' याच्या तोडीची सिमिली माझ्या कुठल्याही वर्गात पुन्हा कुणी केली नाही. करतील कशी? उत्तर 'माऊस' आहे हे पोरांना ठाऊक होतं.

ही हकिगत मी परवा आमच्या शाळेत आता इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांना सांगितली. हे माझेच विद्यार्थी. वाटलं, भारावतील. ते म्हणाले, "सर, रागावू नका, पण तुमच्या त्या लाइक-ॲजच्या खुणेवर मी पास झालोय."

मी गप्प. उंदरासारखा नव्हे, मिलसारखा.

"माझ्या वर्गात चाळीस पोरं आहेत," ते म्हणाले. "त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी वाक्य धड वाचता येत नाही. घरात कुणी सांगणारं नाही. कवितेचा अर्थ लिही म्हटलं तर कोरा कागद देतील. अलंकार ओळख म्हटलं की दोन मार्क कुठं जात नाहीत. तुम्हाला कविता वाचवायचीय, मला पोरं वाचवायचीत."

या युक्तिवादावर मला हसता येत नाही. ज्यानं पस्तीसच्या उंबरठ्यावरची पोरं पाहिली आहेत, त्यानं हसूही नये. म्हणून सांगतो, ते दोन मार्क काढून घ्या असं मी म्हणतच नाही. एक मार्क ओळखण्याला राहू दे. पण दुसरा करण्याला द्या. मोकळी जागा खरोखर मोकळी ठेवा. पोरानं काहीही भरावं आणि 'दोघांत सारखं काय' हे एका ओळीत सांगावं. इंग्रजी येत नसेल तर मराठीत. आणि हे काही माझं म्हाताऱ्याचं खूळ नव्हे. ज्यांची नक्कल म्हणून आपण हे अलंकार घेऊन बसलो, त्यांच्याकडं ते मुळात करण्यासाठीच शिकवत. इरॅस्मसनं १५१२ साली लंडनच्या सेंट पॉल शाळेसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात 'तुमचं पत्र मिळालं, आनंद झाला' एवढाच मजकूर त्यानं शंभराहून अधिक तऱ्हांनी लॅटिनमध्ये लिहून दाखवला आहे. पोरांनी तसं करून पाहावं म्हणून! 'वरील पत्रातील अलंकार ओळखा' असं तो कुठं म्हणत नाही.

"पण सर, उत्तरपत्रिका तपासणार कोण? मॉडेल ॲन्सरमध्ये काय लिहायचं?"

"लिहायचं, मास्तरला पटलं पाहिजे."

"मास्तरवर एवढा विश्वास कोण टाकतंय?" ते म्हणाले. याला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पण पोरगा माझा विद्यार्थी खरा. गेल्या आठवड्यात त्यांनी आपल्या आठवीला तीच मोकळी जागा घातली आणि संध्याकाळी मला फोनवर उत्तरं वाचून दाखवली. निकाल लागल्यावरचं आमचं घर. बटण दाबल्यावरचा मोबाईल. पाहुणे आल्यावरची आई. एका मुलीनं लिहिलं, 'बैल विकल्यावरचा गोठा.' स्पेलिंगं भयानक होती म्हणे. दोघांनी 'माऊस' लिहिलं. त्यांनाही मार्क दिले, पण 'दोघांत सारखं काय' याला एकानं उत्तर दिलं होतं, 'पुस्तकात आहे.'

हे सगळं मी नातीला रंगवून सांगत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अरे बाबा, शेवटचा घाणा आहे रे! एवढा निघेपर्यंत तरी दम काढ!"

नातीनं कान टवकारले. "आजोबा, आजी कुणाशी बोलतेय?"

"सिलिंडरशी."

"अपॉस्ट्रॉफी!" ती आनंदानं ओरडली आणि तक्ता टाकून आत पळाली. "आजी, आजी, तू आत्ता अपॉस्ट्रॉफी केलीस!"

"मी काही केलं नाही गं बाई," ही आतून म्हणाली. "तो आपोआपच संपला. जा, आजोबांना म्हणावं, अलंकार उतरवून ठेवा आणि दुसरा लावून द्या."